पिकअप एका बाजूला ओढते, स्टेअरिंग थरथरतं, म्हणून लगेच बॉक्स बदलू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिकअप १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली, पुढचे दोन टायर नवीन टाकले, महिन्यात दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) केली, तरी गाडी डावीकडे ओढते, ६० च्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरतं, ब्रेकरवरून उतरताना खालून कट्ट असा आवाज येतो आणि स्टेअरिंग तीन बोटं रिकामंच फिरतं. गॅरेजवाला म्हणतोय स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडच्या रॉडपर्यंत पोचवणारी गिअरची पेटी) गेला, बदलून टाकू.

भाऊ, आज तरी बदलू नका. मी नारायणगाव-आळेफाटा पट्ट्यात पंचवीस-सव्वीस वर्षं ह्याच गाड्यांच्या खाली झोपतोय, टोमॅटोच्या सीझनला तर रोज दोन-तीन पिकअप हीच तक्रार घेऊन येतात, आणि बॉक्स खरोखर गेलेला असतो अशी गाडी क्वचित सापडते. बॉक्स सगळ्यात महाग असतो आणि वरून दिसतो, म्हणून त्याच्यावर आळ येतो. खालचा काहीशे रुपयांचा टाय रॉड एन्ड, म्हणजे चाक वळवणाऱ्या रॉडच्या टोकाचा जोड, चिखलात लपलेला असतो, त्याच्याकडे कोण बघतंय.

आणि तुमच्या तक्रारी चार आहेत, ते चारही एकाच रोगाचे असतील असं धरून चालू नका. ओढणं वेगळं, थरथरणं वेगळं, आवाज वेगळा, रिकामं फिरणं वेगळं. कधी कधी दोन एकत्र निघतात, पण शोधायचं वेगवेगळंच.

आधी रिकामं फिरण्याचं बघू कारण त्याला काही खर्चच नाही, फक्त दुसरा माणूस लागतो. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. एकाने आत बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, चार-पाच बोटं एवढंच हलवत राहायचं, झटके न देता. दुसऱ्याने खाली वाकून एकेक जोड बघायचा. बॉक्सपासून सुरुवात करा. कॉलमचा, म्हणजे स्टेअरिंगखालच्या दांड्याचा, खालचा जॉइंट फिरतो पण बॉक्सचा दांडा उशिरा फिरतो असं दिसलं तर खेळ, म्हणजे ढिलेपणा, त्या जॉइंटमध्येच आहे. बॉक्सचा दांडा फिरला की खालचा आर्म लगेच हलायला पाहिजे, तो थांबून हलला तर मग बॉक्समध्ये खेळ आहे. आर्म हलला पण पुढचा रॉड उशिरा हलला तर मधला एन्ड ढिला. असं करत करत चाकापर्यंत जायचं. नुसतं बघून कळत नसेल तर जोडावर हात ठेवा, निम्मा तळवा एका भागावर आणि निम्मा दुसऱ्यावर, खेळ असेल तर हाताला टक्‌ टक्‌ लागतं. (चालू इंजिनच्या बेल्टपासून आणि फॅनपासून लांब राहा, शर्टाची बाही वर करा.)

आणखी एक गोष्ट पोरं विसरतात. बॉक्स चेसिसला ज्या बोल्टनी बसवलेला असतो ते बोल्ट बघा. स्टेअरिंग हलवल्यावर अख्खा बॉक्सच चेसिसवर हलत असेल तर नवीन बॉक्स टाकूनही तो तसाच हलणार. तिथं चेसिसला बारीक तडाही गेलेला असू शकतो, माती खरवडून बघा.

आता चाकं उचलून बघायचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, घोडी (लोखंडी स्टँड) लावा. हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हसतं, हसू द्या. पुढचं एक चाक उचलून वर-खाली धरा, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, आणि हलवा. हललं तर आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही तेवढंच हलतंय तर किंगपिन नाहीतर बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं तो जोड. मग चाक ९ आणि ३ वर धरून हलवा, इथं फक्त आडवं हलत असेल आणि उभं हलत नसेल तर टाय रॉड एन्डकडे संशय जातो. एवढी सोपी परीक्षा आहे पण घाईत कोणी करत नाही, सरळ बेअरिंगचा सेट आणायला पोरगं पाठवतात.

किंगपिन की बॉल जॉइंट हे तुमच्या गाडीला पुढं काय आहे त्यावर. काही पिकअपला पुढंही पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या गठ्ठ्याची स्प्रिंग) आणि एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सरळ आक्सल असतो, त्या जड कामाला दणकट पण कडक चालतात. काहींना पुढं दोन्ही चाकं वेगवेगळी, वर-खाली आर्म आणि कॉइल स्प्रिंग नाहीतर टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, खाली वाकलात की कळेलच. आर्मवाली असेल आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर जॅक चेसिसला लावू नका, खालच्या आर्मखाली लावा. चेसिसला लावला की आर्म खाली लोंबकळतो, स्प्रिंग त्याला ताणून धरते आणि झिजलेला खालचा बॉल जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. ह्या एका चुकीमुळं खराब जॉइंट पास होऊन रस्त्यावर गेलेल्या गाड्या मी बघितल्यात. जॉइंट पार निसटला तर चाक आडवं पडतं, आणि ते माळशेजच्या वळणावर व्हायला नको.

आता ओढण्याकडे या. पहिली गोष्ट, आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी निघून जावं म्हणून, आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळं स्टेअरिंग सोडलं तर गाडी हळूहळू डावीकडे जाणार, ते दुखणं नव्हे. सपाट जागेवर, रिकामा रस्ता बघून ट्रायल घ्या. तरी ओढत असेल तर हवा बघा, दोन्ही पुढच्या टायरला सारखी पाहिजे, टायर थंड असताना, आणि आकडा कंपनीने गाडीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा घ्या, पंक्चरवाल्याच्या मनातला नको. मग पुढचे टायर डावा-उजवा बदलून बघा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ट्रायलपुरतंच करा आणि परत जागेवर लावा. ओढणं उजवीकडे गेलं तर दोष टायरमध्ये. नवीन टायरमध्ये दोष नसतो असं कोणी सांगितलं? बांधणीत थोडा फरक राहिलेला टायर एका बाजूला ओढतो, आणि तुमचा त्रास टायर बदलल्यावर सुरू झालाय हे विसरू नका.

टायर बदलूनही डावीकडेच ओढतंय तर दहा-एक किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, थांबल्यावर दोन्ही पुढच्या रिमच्या मध्यभागी हाताची उलटी बाजू जवळ न्या. एक बाजू चटका बसेल इतकी गरम आणि दुसरी कोमट असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरून राहतोय, नाहीतर बेअरिंग आवळून बसलंय. अशी गाडी शंभर वेळा अलाइनमेंटला न्या, काही होणार नाही.

आणि ह्याही पलीकडचं एक कारण आहे ज्यानं मला स्वतःला धडा शिकवला. धंद्यात नवीन होतो तेव्हाची गोष्ट, ओतूरकडची एक गाडी, टायर खात होती आणि डावीकडे जात होती. मी टाय रॉड एन्ड बदलले, अलाइनमेंट केली, आठ दिवसांत परत आली. बेअरिंग बदलले, परत आली. मालक चांगला होता म्हणून पैशावरून बोलला नाही, पण त्याचा ड्रायव्हर म्हणाला, "अहो, मागनं बघितलं तर गाडी खेकड्यासारखी चालतीय." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोरी काढली आणि दोन्ही बाजूला पुढच्या हबच्या (चाकाचा मधला भाग) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत मोजलं, एका बाजूला जवळजवळ दोन बोटं फरक. मागच्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला होता आणि त्या बाजूनं आक्सल पाट्यावरून मागं सरकला होता. दीड महिना मी पुढं शोधत होतो आणि रोग मागं. तेव्हापासून ओढणारी गाडी आली की दोरीनं मोजल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. मोजताना पुढची चाकं अगदी सरळ ठेवा, आणि दोन्ही बाजूच्या मापात फरक दिसला तर पाट्याच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट (पाटे आक्सलला बांधणारे U आकाराचे बोल्ट) बघा. सेंटर बोल्टचं डोकं खालच्या भोकात बसून आक्सलला जागेवर धरतं, पण पाट्यांचा गठ्ठा दाबून धरायचं खरं काम यू-बोल्टचं. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा जोर त्या एका बारक्या बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. म्हणजे तुटलेला सेंटर बोल्ट नुसता बदलून दिला आणि यू-बोल्ट जुनेच आवळले तर तो परत तुटणार.

थरथरण्याचं मात्र साधं असतं बहुतेक वेळा. ठराविक स्पीडला, साठ ते ऐंशीच्या मधे थरथरतं आणि खाली-वर गेलं की कमी होतं, तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नाही. नवीन टायर टाकताना बॅलन्सिंग केलं का विचारा, आपल्याकडे पिकअपला "मालगाडीला कशाला" म्हणून सोडून देतात. आणि रिमच्या आतल्या बाजूला वाकून बघा, शेतातल्या रस्त्यानं आलेली गाडी असेल तर आतमध्ये चिखलाचा वाळलेला पोपडा असतो, एका चाकात पाव-अर्धा किलो सहज निघतो. त्यानं बॅलन्सिंगचं वाटोळं होतं. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर डिस्क वाकडी. आणि तिसरा प्रकार म्हणजे खड्ड्यात आपटल्यावर पुढची दोन्ही चाकं थयथय नाचायला लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नाहीत, हा सरळ आक्सलच्या गाड्यांचा आजार, ह्यात किंगपिन, एन्ड, बेअरिंग सगळीकडे थोडा थोडा खेळ साठलेला असतो. असं झालं तर स्टेअरिंग घट्ट धरून एक्सिलेटर सोडा, हळूहळू स्पीड कमी करा, घाबरून झटका देऊ नका. आणि मग ती गाडी भरून काढू नका, काम होईपर्यंत उभी करा.

टायरसुद्धा बोलतो. जुने टायर टाकून दिले नसतील तर आणून बघा. दोन्ही कडा झिजल्यात, मधला भाग शाबूत, तर हवा कमी ठेवून चालवली. फक्त मध्य झिजला तर हवा जास्त. एकच कड गेलीय तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) नाहीतर टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं). हात आडवा फिरवला आणि एका दिशेनं गुळगुळीत, उलट्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो चुकलाय. खड्डे-खड्डे पडल्यासारखे चट्टे असतील तर शॉकअप मेलेत किंवा बेअरिंग ढिलं.

आता कट्ट आवाज. ब्रेकरवरून उतरताना एकदाच कट्ट होतं म्हणजे काहीतरी मोकळं होऊन परत बसतंय. पाट्याच्या टोकाला शॅकल (हलता लोखंडी दुवा) असतं, त्याचे बुश (पिनभोवतीचं अस्तर) बघा, टॉमी (लोखंडी दांडा) घालून वर-खाली करा, बुश खाल्लेला असेल तर पिन भोकात नाचताना दिसते. शॉकअपचे वरचे-खालचे रबर बघा. यू-बोल्टच्या आजूबाजूला बघा, जिथं दोन लोखंडं एकमेकांवर घासतात तिथं एकतर चकाकी असते नाहीतर लालसर तांबेरीची पावडर असते. ती लाल पावडर दिसली की तिथं हालचाल आहे हे नक्की. पाट्याचं प्रत्येक पान कपडा मारून बघा, तडा बहुतेक मधे यू-बोल्टच्या जवळ किंवा डोळ्याजवळ असतो, आणि मळ चढलेला असला की दिसत नाही.

इथं जरा बडबडतो. वॉशिंग सेंटरला गाडी धुतली की खालून डिझेल नाहीतर जळकं ऑइल मारून देतात, पाटे काळेभोर चकचकीत दिसतात आणि मालक खूश. ते डिझेल रबराचे बुश फुगवतं आणि मऊ करून टाकतं. माझ्याकडे सहा महिन्यांत बुश गेलेल्या गाड्या येतात त्यांच्या मालकांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. पाण्यानं धुवा, ग्रीस निपल असेल तिथं ग्रीस मारा, बाकी काही मारू नका.

दुरुस्तीचं आता. टाय रॉड एन्ड काढताना घण घालून बोल्टच्या टोकावर मारत बसू नका, आटे चपटे होतात. नट थोडा सैल करून तसाच ठेवा, मग ज्या डोळ्यात तो एन्ड बसलाय त्याच्या बाजूवर हातोडी मारा, दुसऱ्या बाजूला जड लोखंड टेकवून. दोन-चार टोल्यांत टेपर (एन्डचा निमुळता भाग) सुटतो. एन्ड रॉडमधून फिरवून काढताना किती फेऱ्या लागल्या ते मोजा, नवीन तेवढ्याच फेऱ्या आत घाला, म्हणजे अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी नीट जाईल. टेपरला ग्रीस लावू नका, कोरडा आणि स्वच्छ बसला पाहिजे. आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढं आवळून जुळवा, मागं सोडून जुळवू नका. आणि स्प्लिट पिन नवीन टाका, जुनी सरळ करून घातलेली पिन म्हणजे दहा रुपयांसाठी जीव.

बेअरिंग ढिलं निघालं तर लगेच बदलायची गरज नसते. उघडा, डिझेलमध्ये धुवा, रोलरवर आणि बाहेरच्या वाटीवर निळसर डाग, खड्डे, ओरखडे नसतील तर ग्रीस भरून परत बसवा. ग्रीस वरून लेप दिल्यासारखं नको, तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत दाबत रोलरमधून वर येईपर्यंत भरायचं. सील मात्र नवीनच. नट आवळताना चाक फिरवत राहा, आवळा, मग मागं सोडा, आणि मग हलकेच सेट करा. हबचं चाक मोकळं फिरलं पाहिजे पण हलता कामा नये. बेअरिंग आवळून ठेवणारे मेकॅनिक खेळ गेला म्हणून खूश होतात, आणि गाडी खेड ओलांडायच्या आत हब तापतो.

किंगपिन घरी करायचं काम नाही. पिन अडकून बसते, बुश लेथवाल्याकडून रीमर मारून (भोक मापात कोरून) घ्यावा लागतो, दोन्ही बुश एका रेषेत आले पाहिजेत. पण किंगपिन टिकवायचं काम तुमचंच आहे. ग्रीस मारताना चाक उचलून मारा, म्हणजे ग्रीस खालच्या बेअरिंगमध्ये जातं, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नसेल तर किंगपिन कोरडी पडलीय असा पहिला संशय घ्या.

दुसरा संशय म्हणजे कोणीतरी बॉक्सवरचा स्क्रू आवळून ठेवलाय. हा स्क्रू खेळ कमी करायला असतो पण चाकं सरळ असताना, लॉक नट सोडून, अगदी थोडा थोडा फिरवायचा. जास्त आवळला की मधे स्टेअरिंग जड होतं, परत येत नाही आणि आतले दाते खरोखर खराब होतात. म्हणजे चांगल्या बॉक्सचा निकाल लावायची हीच रीत. बाकी सगळे जोड टाईट निघाले आणि तरी खेळ बॉक्समध्येच दिसला तरच त्याला हात लावा, आणि तेव्हासुद्धा आधी रिपेअर होतो का विचारा.

रबर बुश टाकलेत तर एक गोष्ट पाळा. आर्मचे आणि पाट्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. उचललेल्या गाडीत आवळले तर गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. शॉकअप जोडीनं बदला, आणि नवीन शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून मग बसवा, आतली हवा निघते. यू-बोल्ट नवीनच, आणि ५०० किलोमीटरनंतर परत आवळायला या असं मी सांगतो, दहातले दोन येतात.

हे सगळं झालं की मग अलाइनमेंट. सगळ्यात शेवटी. ढिल्या जोडांवर केलेली अलाइनमेंट मशीनच्या कागदावर बरोबर दिसते आणि गेटबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात बिघडते, तुमचे दोनदाचे पैसे असेच गेलेत.

लोडचं विचारलं नाहीत पण सांगतो. आरसीवर गाडीचं एकूण मान्य वजन आणि रिकामं वजन दोन्ही असतं, वजाबाकी करा. समजा दीड टन आलं. टोमॅटोचं भरलेलं क्रेट २२ किलोचं धरलं तर ६८ क्रेटला गाडी भरली. आपण १०० टाकतो, म्हणजे २२०० किलो, सातशे किलो वरती. मग पाटे बसतात म्हणून जादा पान टाकतो. पान टाकलं की मागचा भाग बसत नाही, त्यामुळं लोड जास्त आहे हे डोळ्याला दिसायचंच बंद होतं, पण आक्सल, बेअरिंग, ब्रेक, चेसिस तेच राहतात. त्यातून क्रेट मागच्या आक्सलच्याही मागं लटकत असतील तर पुढचा भाग उचलला जातो आणि स्टेअरिंग हलकं पडतं, भरलेली गाडी रस्त्यावर पोहतेय असं ड्रायव्हर सांगतात ते हेच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे, आणि जादा माल उतरवून घेतात तो वेगळा. पण दंड नसता तरी मी हेच बोललो असतो, कारण बुश-पाट्याचं बिल तर दर सीझनला तुम्ही भरताच.

तर तुम्ही आता एवढं करा, दोरीनं दोन्ही बाजू मोजा, टायर डावा-उजवा बदलून ओढणं बाजू बदलतं का बघा, आणि चाक उचलून ब्रेक दाबून हलवा. तिन्हीचं काय निघालं आणि पुढं पाटे आहेत की आर्म ते कळवा, मग पुढचं सांगतो. तोपर्यंत बॉक्सचे पैसे खिशातच ठेवा.